नाव न घेता कापायची कोंबडी

इलाही मुलाणी एका जागी बसलेला कुणी पाहिला असेल, तर त्यानं पुढं यावं. चाकणच्या पल्याडच्या आमच्या गावात हा माणूस पन्नाशी ओलांडून गेला, पण अजून याचं बूड म्हणून कुठं टेकत नाही. कंपनीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो तेवढीच काय ती बैठक, आणि तिथंही निम्मा सीटच्या बाहेर. जेवता जेवता उठेल, चहाचा कप घेऊन फाटकापर्यंत जाऊन येईल. त्याची बायको खैरून वैतागून म्हणते, "अहो, टेका की घटकाभर. जमीन काय चावतीय व्हय?" तो टेकतो, आणि तिची पाठ वळली की पुन्हा उभा.

फक्त हातात सुरी आली की हा गडी शांत होतो. बाप मुलाणी, आजा मुलाणी. म्हसोबाचं बकरं असो की जावई आला म्हणून धरलेली कोंबडी असो, मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय गावातल्या पाटलाच्या घरीसुद्धा मटण शिजत नसे. देव हिंदूंचा, बकरं देवाचं आणि त्यावर नाव अल्लाचं. याचं आमच्याकडं कुणाला कधी नवल वाटलं नाही. उलट मुलाणी आला नाही तर बकरं दिवसभर दावणीला तसंच उभं राहायचं. आता चौकाचौकात चिकनची दुकानं झाली, अर्धं शिवार कंपन्यांच्या पत्र्याखाली गेलं. तरी जुनी घरं इलाहीलाच हाक मारतात, आणि सारजाबाईचं घर त्यातलं अगदी पहिलं.

सारजाबाई म्हणजे सत्तरीची, तोंडानं फटकळ, मनानं हळवी म्हातारी. इलाही तिला काकी म्हणतो. तिचा मुलगा गोरक्ष कंपनीत शिफ्टला, सून पुनम घर आणि दोन म्हशी बघते, आणि तिसरीतली नात संस्कृती म्हणजे म्हातारीचा जीव की प्राण. त्या पोरीला दीड वर्षापासून फेफरं यायला लागलं होतं. संत तुकाराम नगरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली, बजावून सांगितलं की एक दिवसही चुकवायची नाही, आणि पोर बरी सुधारली होती. एवढं सगळं इलाहीला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

एका रविवारी दुपारी सारजाबाईचा फोन आला. "इलाही, सुरी घिऊन ये. आन कुनाला सांगू नगंस."

कोंबडी कापायला जाताना कुणाला सांगू नको म्हणजे काय, हे त्याला कळलं नाही. पण काकीनं बोलावलं म्हणजे जायचं. परड्यात डाल्याखाली कोंबडी होती, काळी कुळकुळीत, एक पीस म्हणून पांढरं नाही. इलाहीनं सुरी दगडावर घासली, कोंबडी धरली, आणि पश्चिमेकडं तोंड करून बसणार तोच सारजाबाई म्हणाली, "थांब. आज नाव घ्याचं न्हाई."

"कुनाचं?"

"कुनाचंच न्हाई. तुजं बिस्मिल्ला न्हाई, आमचा म्हसोबा न्हाई. त्वांड मिटून कापायची आन रगत ह्याच्यावर घ्याचं." तिनं पदराखालून संस्कृतीचा अंगावरून उतरवलेला, न धुतलेला फ्रॉक काढला.

इलाहीच्या हातातली कोंबडी फडफडली तशी त्यानं ती पुन्हा डाल्याखाली सारली. "हे कुनी सांगितलं, काकी?"

"पुनावळ्याच्या बाबानं. तुला इचारलं व्हतं की मी मागं."

इचारलं होतं. खरंच विचारलं होतं. महिन्याभरापूर्वी कंपनीच्या बसची वाट बघत तो नाक्यावर येरझाऱ्या घालत असताना सारजाबाई आली होती आणि म्हणाली होती, पुनावळ्यात तुमच्यातला एक बाबा बसतो, पैशाला हात लावत न्हाई, पेटीत टाकायचं म्हणतो, खरा असंल का रं? तेवढ्यात बस आली. एक पाय पायरीवर ठेवून यानं म्हटलं, "असंल की. अल्लाचं नाव घेतो ना, मग झालं." आणि गेला शिफ्टला. म्हातारीनं ते बोल गाठीला बांधून नातीला पुनावळ्याला नेलं होतं.

दारात पुनम उभी होती, आणि तिच्या पायाशी उंबऱ्यावर संस्कृती. पोर फ्रॉकच्या कडेचा दोरा ओढत बसली होती. हाक मारली तरी वर बघायला तिला वेळ लागत होता.

"आज काय खाल्लं हिनं?" इलाहीनं विचारलं.

"काही नाही," पुनम म्हणाली. "बाबांनी उपाशी ठेवायला सांगितलंय."

"आन गोळी?"

पुनमनं सासूकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "बंद केलीय, चाचा. पंधरवडा होत आला. बाबा म्हणतात, गोळी पोटात असेपर्यंत त्यांचं पाणी लागू होणार नाही."

इलाही उठला. फाटकापर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला. "काकी, मी ही कापणार न्हाई."

"तुज्या बापानं ह्या दारात कधी न्हाई म्हनलं न्हाई."

"माज्या बापाला ह्या दारात कधी कुनी त्वांड मिटून काप म्हनलं न्हाई."

सारजाबाईचा चेहरा लाल झाला. "तू काय मौलवी लागून गेलास का रं? ईदंला तेवढी मशीद बघतोस. तो बाबा तुमच्यातलाच हाय, दाढी हाय, कुरान त्याच्या म्होरं ठिवल्यालं असतंय. तुला नसंल कापायची तर नगं कापूस. नाक्यावरचा चिकनवाला कापंल. त्याला नाव घिऊ नगं म्हनलं तर बरंच, तेवढाच त्याचा येळ वाचंल."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच इलाहीला घाम फुटला. तो अंग काढून घरी गेला असता, तर कोंबडी नाक्यावर गेली असती आणि गोळी डब्यातच राहिली असती. आणि काकी म्हणाली तेही खोटं नव्हतं. तो कुठला मोठा दीनवाला? जुम्म्याची नमाज शिफ्टनं सोडली तर मिळायची. त्याला एवढंच ठाऊक होतं की जीव घेताना ज्यानं तो दिला त्याचं नाव घ्यायचं, नाहीतर तो हात मुलाण्याचा नाही. पण एवढ्यावर एखाद्या बाबाला खोटा म्हणायचं? आणि तो खरा निघाला तर? त्यानं फाटकाबाहेर जाऊन खैरूनला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

खैरून औशाकडची. तिकडं अशाच एका बाबानं तिच्या चुलतबहिणीचा संसार उठवला होता, त्यामुळं या विषयात तिला फार समजवावं लागत नाही. तिनं एकच विचारलं, "त्यानं पोरीच्या आईचं नाव विचारलं का?"

इलाहीनं तिथूनच पुनमला विचारलं. पुनम म्हणाली, "हो. बसल्या बसल्या पहिलं तेच."

"झालं मग," खैरून म्हणाली. "कुराण वाचून दुआ मागणाऱ्याला आईचं नाव कशाला लागतंय? अल्लाला काय माणूस सापडना झालाय? आईचं नाव, अंगावरचा कपडा, काळी कोंबडी, आणि वर कुणाला सांगू नका. आमच्या बहिणीला हेच सांगितलं होतं सगळं. तुम्ही तिथून हलायचं नाही. आणि कोंबडी त्यालाच कापायला लावा, बघू कापतो का बिस्मिल्ला म्हणून."

इलाही आत आला. "काकी, एक काम करू. कोंबडी घिऊन बाबाकडंच जाऊ. त्यांच्या हातानं हुंद्या, म्हंजी माजीबी खात्री पटंल. त्यांनी कापली तर मी तुमच्या पाया पडून माफी मागंन."

म्हातारीला हे पटलं. बाबाच्या हातानं होतंय म्हणजे त्याहून बरं काय. गावातल्या ज्ञानदेवची व्हॅन काढली. गोरक्ष शिफ्टला होता, त्याला कळवायचं नाही असंही बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते ऐकून इलाहीनं दाताखाली ओठ धरला. पिशवीत कोंबडी, फडक्यात सुरी, पुनमच्या मांडीवर संस्कृती. तळवड्याच्या रस्त्याला कंटेनरची ही रांग. व्हॅन दोन हात सरकायची आणि थांबायची. इलाहीला वाटत होतं, उतरावं आणि चालत सुटावं. दर वेळी तो मागं वळून पोरीकडं बघायचा. एकदा ती खिडकीबाहेर एकटक बघत होती आणि तिच्या ओठाचा कोपरा उडत होता. "पुनम, हिला हाक मार," तो म्हणाला. पुनमनं दोनतीन हाका मारल्या तेव्हा कुठं पोरीनं ओ दिली.

पुनावळ्यात एका नव्या बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात बाबांचं बस्तान होतं. हिरवा पडदा, आत एसी, आणि त्या बंद हवेत ऊद-लोबानचा एवढा धूर की डोळे चुरचुरावेत. रांगेत बायका, एक कॉलेजचा मुलगा, गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेला एक साहेब. गादीवर बाबा. चाळिशीचा, सुरमा घातलेला, बोलणं अगदी लोण्यासारखं मऊ. पुढ्यात कागदांवर चौकोन आखून त्यात आकडे भरलेले. एकेकाला जवळ घेऊन तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होता. इलाहीनं कान टवकारले, पण एक शब्द ओळखीचा लागेना.

"सलाम आलेकुम," इलाही म्हणाला.

"वालेकुम सलाम. बसा भाऊ. नाव?"

"इलाही मुलाणी."

"आईचं?"

"आई कबरीत हाय माजी. तिचं नाव कशाला?"

"हिसाब त्यावरच लागतो."

"आमच्यात हिसाब कयामतीला व्हतो म्हन्त्यात," इलाही म्हणाला, आणि आपण हे कसं बोललो याची त्यालाच धास्ती वाटली. सारजाबाईनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. त्यानं पिशवी पुढं ठेवली, फडकं सोडलं, सुरीची मूठ बाबाकडं केली. "बाबा, मी मुलाणी हाय. नाव न घेता माजा हात चालत न्हाई, एवढंच माजं दुखणं. तुमी जाणकार. तुमी कापा. एकदा बिस्मिल्ला म्हना, मी गप घरी जातो."

बाबानं सुरीकडं पाहिलंसुद्धा नाही. तो सारजाबाईकडं वळून समजुतीनं म्हणाला, "माँजी, हे अडाणी लोक आहेत. हे इल्म, ही विद्या, यांना नाही कळणार. काम मी करत नाही, माझ्या ताब्यातला मुवक्किल करतो. नाव घेतलं की तो निघून जातो. मग सगळी मेहनत वाया."

"कोन निघून जातो?" सारजाबाईनं विचारलं.

"मुवक्किल. माझी सेवा करणारा. दिसत नाही तो."

"अल्लाचं नाव घेटलं की जातो?"

"हो."

"आन आमच्या पांडुरंगाचं घेटलं तर?"

"कुणाचंही घेऊ नका म्हणून तर सांगितलं, माँजी."

म्हातारीनं पदर खोचून घेतला. जन्मभर या बाईनं नवस बोलले, फेडले, पीरालाही नारळ फोडले, सवाष्णी जेवू घातल्या. यातलं कुठलं खरं आणि कुठलं खोटं असल्या भानगडीत ती कधी पडली नाही. पण एक गोष्ट तिला लहानपणापासून पक्की माहीत होती, आणि ती आता तिच्या तोंडातून बाहेर आली.

"बाबा, देवाचं नाव काढलं की जे पळतं, त्याला आमच्या गावात भूत म्हन्त्यात. मी पोरीचं भूत उतरवाया आले व्हते. तुमी तर पाळून बसलाय."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बाबाचा मऊपणा एका क्षणात गळून पडला. तो गादीवर गुडघ्यांवर उठला, काहीतरी ओरडणार होता, आणि तेवढ्यात पुनमच्या हातातून संस्कृती निसटली. पोर ताठ झाली, मान मागं गेली, डोळे पांढरे झाले आणि फरशीवर पडून हातपाय झाडू लागली. पिशवी कलंडली; कोंबडी धुरातून फडफडत लोकांच्या अंगावरून उडाली.

"बघ," बाबा म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात आनंद होता. "शंका घेतलीस ना? आता तो आलाय. कुणी हात लावायचा नाही. मी सांगेन तेव्हा सुटेल."

सगळे थिजले. पुनम सासूच्या तोंडाकडं बघत राहिली. लग्न झाल्यापासून ती सासूच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. आणि सारजाबाईचा हात नातीकडं निघालेला अर्ध्यावरच थांबला. आताच एवढं ठणकावून बोललेली ही बाई भीतीनं पांढरी पडली होती. बोलणं वेगळं आणि जिवाचं लेकरू डोळ्यांपुढं तडफडताना बघणं वेगळं. खरंच आला असला तर? आपल्या जिभेनंच आणला असला तर?

इलाही मात्र खाली बसला. कंपनीत कुणाला झटका आला तर काय करायचं ते दर वर्षी शिकवतात. त्यानं धुपाटणं लांब सारलं, पोरीला कुशीवर वळवलं, पुनमची ओढणी घडी करून डोक्याखाली दिली. कुणीतरी कांदा आणा म्हणालं, कुणी चप्पल काढली. त्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

"सोड तिला," बाबा ओरडला. "सोड, नाहीतर अमावस्येच्या आत पोर जाईल."

इलाहीनं वर बघितलं, बाबाकडं नाही, सारजाबाईकडं. तिच्या हो-नाहीवर सगळं अडलं होतं. नात तिची होती.

"काकी," तो म्हणाला, "सांगा लवकर."

म्हातारीचा थांबलेला हात पोरीच्या कपाळावर टेकला. "उचल इलाही. दवाखान्यात चल."

व्हॅनमध्ये पोरीचं अंग सैल पडलं, पुन्हा ताठलं, पुन्हा सैल पडलं. ओठ निळसर झाले होते. ज्ञानदेव हॉर्नवरचा हात काढत नव्हता. एरवी घटकाभर न बसणारा इलाही पोरीची मान धरून तसाच वाकून बसला होता, आणि त्याच्या मनात एकच बोल पुन्हा पुन्हा येत होता: असंल की, अल्लाचं नाव घेतो ना, मग झालं. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून बोललेले ते शब्द. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

संत तुकाराम नगरच्या दवाखान्यात पोरीला आत घेतलं, सुई दिली. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आता धोका टळलाय म्हणाल्या, आणि मग विचारलं, "गोळी कुणी बंद केली?"

पुनमनं तोंड उघडायच्या आत सारजाबाई म्हणाली, "मी केली. सुनंचा दोष न्हाई."

बाई रागावल्या, आणि रागावण्यासारखंच होतं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

दिवस मावळता मावळता संस्कृतीनं डोळे उघडले. आईला ओळखलं, आजीला ओळखलं, भूक लागली म्हणाली. नर्सनं पेज भरवायला सांगितली आणि त्यावर देण्यासाठी गोळी सारजाबाईच्या तळहातावर ठेवली. पेज संपली. म्हातारी गोळीकडं बघत बसली.

"द्या की, आत्या," पुनम म्हणाली.

"देते." पण हात उचलेना. मग ती इलाहीकडं वळून हळूच म्हणाली, "परवा अमावस्या हाय रं. मला कळतंय तो लबाड हाय. समदं कळतंय. पर भ्या वाटतंय, त्याला मी काय करू?"

खाटेच्या या टोकाकडून त्या टोकाकडं इलाही दोनदा गेला.

"गोरक्ष तान्हा असताना रातध्याड रडायचा," सारजाबाई म्हणाली. "तवा तुजा बाप यायचा आन पान्यावर फुंक घालायचा. तुला येतंय का ते?"

"काकी, मी कुठला. मला कुरानातल्या पैल्या अल्हम्दुच्या म्होरं काय येत न्हाई."

"मग तेच म्हन. पर मोठ्यानं म्हन. त्या मुडद्यावानी व्हटात नगं. मला समदं ऐकू आलं पायजे."

इलाही कोपऱ्यातल्या बेसिनवर गेला. हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं, पाय धुतले. परत येऊन पाण्याचा पेला हातात घेतला आणि बिस्मिल्ला म्हणून सुरू केलं. एकेक शब्द सुटा, बाजूच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू जाईल असा. संपल्यावर त्यानं पाण्यावर फुंकर घातली.

"त्यात काय म्हनलास?" सारजाबाईनं विचारलं.

"बापानं सांगितल्यालं एवढं ध्यानात हाय," इलाही म्हणाला. "आमी तुजीच भगती करतो, आन मदत मागायची ती तुज्याकडंच. मधी दुसरं कुनी न्हाई."

"आन माजं नाव? पोरीचं? तिच्या आईचं?"

"लागत न्हाई, काकी."

म्हातारीनं नाक पुसलं. मग तिनं ती गोळी स्वतःच्या हातानं संस्कृतीच्या जिभेवर ठेवली, इलाहीच्या हातातला पेला घेऊन तिच्या ओठाला लावला आणि म्हणाली, "गिळ गं माजे बाय. ह्याच पान्यासंगं गिळ."

पोरीनं गोळी गिळली, आणि तोंड उघडून आजीला दाखवलं.